कारभारणीचं नाव कागदावर कधी आलं?

आज आपण म्हातारपणाच्या पैशाबद्दल बोलणार आहोत. पण कुठल्या बँकेत किती व्याज मिळतं, ते आज नाही. आज थोडा इतिहास बघू. कारण नवरा-बायको दोघांनी मिळून निवृत्तीची तयारी करायची, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. आणि ती जुनी का नाही हे कळलं, की आपल्या घरच्या कागदांत काय शोधायचं तेही कळतं.

आपल्या भाषेत नवऱ्याला कारभारी म्हणतात आणि बायकोला कारभारीण. शब्द जोडीचे आहेत. मीठ-मिरची, दूध, शाळेची फी, पाहुण्याचा आहेर, दवाखाना हा सगळा रोजचा कारभार बहुतेक घरांत कारभारीणच बघते. पण सातबारा, विम्याची पॉलिसी, फंडाची पासबुकं आणि पेन्शनचा कागद बघितला, तर तिथे पिढ्यान् पिढ्या एकट्या कारभाऱ्याचं नाव. खर्च तिच्या हातात आणि हक्क त्याच्या नावावर. हा फरक तरुणपणी फारसा जाणवत नाही. जाणवतो तो म्हातारपणी, आणि त्यातही नवऱ्याच्या माघारी.

आधी जुन्या काळाकडे बघू. गावगाड्यात 'निवृत्ती' असा प्रकारच नव्हता. शेतकरी, सुतार, कुंभार, न्हावी हातपाय चालतात तोवर काम करत, मग औत किंवा हत्यार मुलाच्या हाती देत. मुलगा कामाला लागला की म्हाताऱ्यांच्या भाकरीची सोय झाली, असं धरलं जाई. म्हणजे म्हातारपणाचा विमा होता तो मुलगा. बाईचं स्वतःचं असं काय? अंगावरचे दागिने, माहेरहून आलेलं स्त्रीधन, भिशीत घातलेले चार पैसे आणि डाळीच्या डब्यात लपवलेली नोट. बाईनं हे साठवलं ते हौसेपायी नव्हे. तिच्या नावावर दुसरं काही राहू शकत नव्हतं म्हणून साठवलं.

नवरा गेला तर काय होई? हिंदू एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत हिस्सा नव्हता. तिला हक्क होता तो फक्त अन्नवस्त्राचा. दीर बरे असतील तर दिवस बरे जात. नसतील तर दोन वेळच्या भाकरीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि ते किती जणींना जमणार?

मग आली सरकारी नोकरी आणि तिच्या मागोमाग पेन्शन. पलटणीतला शिपाई, कचेरीतला कारकून, पोस्टातला नोकर हे म्हातारपणी घरी बसून दरमहा पैसे घेऊ लागले. गावाला याचं मोठं अप्रूप होतं. पण १८७१ च्या पेन्शन कायद्यात एक कलम होतं. पेन्शनबद्दल तक्रार असेल तर दिवाणी कोर्टात दाद मागता येत नव्हती. म्हणजे पेन्शन ही सरकारची मेहेरबानी समजली जाई. आणि ही मेहेरबानी त्या माणसावर होती, त्याच्या घरावर नव्हे. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या विधवेला काही मिळे. पण साधा पेन्शनर अंथरुणावर वारला, तर सहसा त्याच्याबरोबर पेन्शनही संपे. तीस वर्षं ज्या बाईनं त्याचा डबा भरला, तिच्या नावानं पुढच्या महिन्यात काही येत नसे.

त्याच सुमारास आणखी एक कायदा झाला, १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याचं सहावं कलम प्रत्येक बाईनं लक्षात ठेवावं असं आहे. नवऱ्यानं स्वतःचा आयुर्विमा काढला आणि हा विमा बायकोसाठी किंवा बायकामुलांसाठी आहे असं पॉलिसीवरच लिहून दिलं, तर ती रक्कम त्यांची वेगळी ठेव ठरते. त्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाही आणि त्याच्या कर्जापोटी सावकारालाही हात लावता येत नाही. किती चांगली सोय! पण हा कायदा हिंदू, मुस्लिम, शीख, जैन घरांसाठी नव्हता. आपल्या मुंबई इलाख्यात या घरांना ते सहावं कलम लागू झालं ते १ एप्रिल १९२३ नंतर काढलेल्या विम्यांना. म्हणजे कायदा झाल्यापासून आपल्या उंबऱ्याच्या आत यायला त्याला जवळजवळ एकोणपन्नास वर्षं लागली. आजही हे कलम जिवंत आहे. विमा काढतानाच तसा अर्ज द्यावा लागतो, नंतर ते जमत नाही.

वारसाहक्काचीही तीच गत. १९३७ साली मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नानं हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला. लोक त्याला देशमुख कायदा म्हणत. त्यानं विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. ती तिथे राहू शकत होती, उत्पन्न खाऊ शकत होती, पण एरवी आपल्या मर्जीनं विकू शकत नव्हती की कुणाला देऊ शकत नव्हती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं ही अट काढली आणि बाई तिच्या मालमत्तेची पुरी मालकीण झाली. आपल्यापैकी अनेकींच्या आज्या या कायद्याच्या आधी जन्मलेल्या.

आता गिरणगावाकडे वळू, कारण घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांचं म्हातारपण मुंबईच्या गिरण्यांनी ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या फंडाचा कायदा आला. सुरुवातीला तो सहा उद्योगांना लागू झाला: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के आणि मालकाकडून तेवढेच. आण्यांच्या हिशेबात सांगायचं तर रुपयामागे एक आणा कामगाराचा आणि एक आणा मालकाचा. सक्तीची बचत झाली, ती चांगलीच झाली. पण निवृत्त होताना हातात यायची ती एकरकमी गड्डी. आणि गड्डी हातात आली की घरोघरी काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. एका मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, गावच्या घराचा स्लॅब. वर्षा-दोन वर्षांत फंड संपला आणि म्हातारपण मात्र तिथल्या तिथेच उभं.

या फंडाला पेन्शनची जोड मिळाली ती १ मार्च १९७१ ला, कुटुंब निवृत्तिवेतन योजनेनं. इथे पहिल्यांदा कामगाराच्या बायकोला दरमहा काही मिळण्याची सोय झाली. पण मेख अशी होती, की नवरा नोकरीत असताना वारला तरच ते मिळे. तो निवृत्त होऊन मग गेला, तर तिला दरमहा काही नाही. कामगाराला स्वतःला पेन्शन आणि त्याच्या माघारी बायकोला पेन्शन, हे दोन्ही एकत्र आलं १६ नोव्हेंबर १९९५ च्या योजनेत.

पण त्याआधीच गिरणगावावर घाला पडला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही, आणि हजारोंची नोकरी गेली ती गेलीच. त्या वेळी चुली कुणी पेटत्या ठेवल्या? बायकांनी. गिरणगावात घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका आधीपासून होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांना मिळवून दिलं होतं. वीस-वीस माणसांचं जेवण रांधणाऱ्या या बायकांना ना फंड होता, ना ग्रॅच्युइटी, ना निवृत्तीचं वय. घर त्यांच्या कमाईवर तरलं, पण म्हातारपणाच्या कुठल्याच कागदावर ती कमाई दिसत नव्हती.

सरकारी नोकरांच्या बायकांना तरी सहज मिळालं का? नाही. केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतन योजना १ जानेवारी १९६४ ला सुरू झाली. त्याआधी होतं ते त्रोटक आणि मुदतीचं. आणि या नव्या योजनेतही नोकराच्या ग्रॅच्युइटीतून सुमारे दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम कापून घेत. ही कपात बंद झाली सप्टेंबर १९७७ मध्ये. शिवाय ज्यांचे नवरे १९६४ च्या आधीचे, त्या विधवा बाहेरच राहिल्या होत्या. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्याच वाटेनं १९८५ मध्ये पूनामल नावाच्या विधवेच्या खटल्यात त्या जुन्या विधवांनाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं. तोवर त्यांतल्या कितीतरी जणी थकून गेल्या होत्या.

शेतकरी घरांत पेन्शन नाही, तिथे म्हातारपण म्हणजे जमीन. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखोंच्या संख्येनं बायका आल्या. त्यातून पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मांडली. शेतकऱ्यानं आपल्या हयातीत, आपण होऊन, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करावा. तिच्या कष्टाचं हे ऋण आहे, दान नव्हे, असं त्यामागचं म्हणणं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यात गाजलेलं गाव. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही याच नावानं निर्णय काढला, की नवऱ्यानं अर्ज केला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. पुढे ग्रामपंचायतीत घराची नोंद दोघांच्या नावानं करायचं 'घर दोघांचं' अभियानही आलं.

आता या सगळ्या सनावळ्या एका ओळीत मांडा. फंड आला १९५२ ला, बायकोचं नाव त्याला जोडलं गेलं १९७१ ला, तेही अर्धवट. ते पुरं झालं १९९५ ला. विम्याचं कलम १८७४ चं, आपल्याकडे आलं १९२३ ला. दर वेळी पुरुषाचा हक्क आधी आणि बाईचं नाव मागाहून. कुणी मुद्दाम बायकांचा दावा मांडला तेव्हाच मधलं अंतर मिटलं. कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: म्हातारा होतो तो पुरुष. म्हातारपण दोघांचं असतं आणि त्यातला शेवटचा टप्पा बहुधा बाईचा एकटीचा असतो, हे धरलंच नव्हतं.

आणि हे धरायला नको का? आपल्याकडे नवरा बहुतेक वेळा तीन-चार-पाच वर्षांनी मोठा. बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त जगतात. दोन्ही जोडा, म्हणजे बऱ्याच जणींच्या वाट्याला एकटीची पाच-सात वर्षं सहज येतात. तेव्हा निवृत्तीचा हिशेब करताना एक नाही, दोन हिशेब करायचे. एक दोघांचा आणि दुसरा तिच्या एकटीचा.

समजा कंपनीतून निवृत्त झालेल्या कारभाऱ्याला १९९५ च्या योजनेतून महिना ३,००० रुपये मिळतात. त्याच्या माघारी बायकोला मिळतील निम्मे, १,५००. घरभाडं निम्मं होत नाही. विजेचं बिल निम्मं होत नाही. औषधं तर वाढतात. जिल्हा परिषदेत किंवा सरकारी खात्यात जुनी पेन्शन असेल, तर नवऱ्याचं निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मं आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षं सोडली तर तीस टक्के. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन सरसकट नाही. तेव्हा 'ह्यांना पेन्शन आहे' एवढ्यावर थांबू नका. 'ह्यांच्या माघारी मला किती?' हा आकडा आजच विचारून घ्या. असं विचारणं अभद्र नाही. जो नवरा बायकोला मधे घेऊन हा आकडा स्वतः सांगतो, तोच खरा कारभारी.

आता इतिहासातून घरात येऊ. दोघांनी एका निवांत दुपारी सगळे कागद पुढ्यात घेऊन बसावं आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावा: याच्यावर कुणाचं नाव आहे?

बँकेचं खातं दोघांचं आहे का, आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' अशी सोय त्यावर लिहिली आहे का? ती नसेल तर नवरा दवाखान्यात असताना त्याचेच पैसे काढायला अडचण येते.

घर कुणाच्या नावे आहे? हिंदू घरात नवऱ्याच्या एकट्याच्या नावे असलं आणि मृत्युपत्र नसलं, तर त्याच्या माघारी बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर त्याची आई यांचे सारखे वाटे पडतात. म्हणजे ज्या घरात सून म्हणून आलात, त्याच्या चौथ्या किंवा पाचव्या हिश्शाच्या मालकीण व्हाल. मुलंबाळं असतील तर मुस्लिम विधवेचा वाटा आठवा आणि ख्रिस्ती विधवेचा तिसरा. घरावर आधीच दोघांची नावं असतील तर निम्मं घर तुमचं मुळातच असतं.

नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नॉमिनी म्हणजे पैसे हाती घेणारा, मालक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या एका खटल्यात १९८३ मध्येच सांगितलं. २०१५ मध्ये कायदा बदलला आणि आयुर्विम्यात आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच धरली जाते. पण इतर ठेवींत आणि घरात नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्यासाठी साधं का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र हवं. नवऱ्याचंही आणि बायकोचंही.

फंडाची गड्डी हातात आली तर तिचे भाग आधी पाडा, मग पाहुण्यांना कळू द्या. २००४ पासून पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तीत सध्या एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. साठीनंतर नवरा आणि बायको दोघांना आपापलं वेगळं खातं काढता येतं. सगळी रक्कम त्याच्या एकट्याच्या नावानं ठेवायचं कारण नाही.

आणि ज्या मैत्रिणी अजून चाळिशीच्या आत आहेत, त्यांच्यासाठी या इतिहासाचं शेवटचं पान. २०१५ साली अटल पेन्शन योजना आली. आयकर भरत नसाल तर अठरा ते चाळीस वयात बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावे खातं काढता येतं आणि साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते. ५,००० साठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी केली तर १,४५४. पण मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. इथे खातेदार गेल्यावर जोडीदाराला निम्मी नव्हे, पुरी पेन्शन चालू राहते. एकेकाळी काहीच नव्हतं, मग निम्मं झालं, आता पूर्ण. इथवर यायला शंभराहून अधिक वर्षं गेली. आणि इथे खातेदार बाई असू शकते, तिच्या माघारी पेन्शन घेणारा नवरा असू शकतो. डाळीच्या डब्यातल्या नोटेला पहिल्यांदा सरकारी पासबुक मिळालं, असं म्हणा हवं तर. पाच हजारांत आजही भागत नाही आणि वीस वर्षांनी तर मुळीच भागणार नाही. पण ते आपल्या नावानं येतील आणि कुणापुढे हात पसरून मागावे लागणार नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या आठवड्यात एक दुपार काढा. ट्रंक उघडा, पिशवी उघडा, प्लॅस्टिकच्या फाइली काढा. ह्यांना शेजारी बसवा. एका वहीत दोन रकाने पाडा, एकावर त्यांचं नाव, दुसऱ्यावर तुमचं. कुठला कागद कुठल्या रकान्यात जातो ते लिहीत जा. शेवटी तुमचा रकाना रिकामा राहिला, तर पहिला अर्ज कुठे द्यायचा ते त्याच दुपारी दोघांनी ठरवा.